पाच नंबरचा छर्रा

एप्रिल संपत आला की आमच्या पामर्स्टन नॉर्थमध्ये दोन गोष्टी एकदमच पिकतात. फिजोआ आणि वैर. फिजोआ हे अंड्याएवढं हिरवं फळ. चवीला निम्मं पेरू आणि निम्मं खोकल्याचं औषध. प्रत्येकाच्या अंगणात त्याचं एक झाड असतं आणि प्रत्येकाला ती फळं दुसऱ्याच्या गळ्यात मारायची असतात. फाटकावर पिशव्या लटकतात, ऑफिसच्या चहाच्या खोलीत टोपल्या येतात, झाडाखाली सडा पडून गोडसर, आंबूस वास सुटतो. वैराचं तसं नसतं. ते आम्ही कुणाला देत नाही. घरातच ठेवतो आणि लोणच्यासारखं वर्षातून एकदा हलवून परत झाकण लावतो.

हलवायचा मुहूर्त मे महिन्याच्या पहिल्या शनिवारचा. त्या दिवशी इथे बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. आमच्या संस्थेतले अर्धे लोक शुक्रवारी दुपारीच आजारी पडतात. एरवी बायकोच्या वाढदिवसालाही लवकर न उठणारे पुरुष अंधारात गमबूट चढवून चिखलात जाऊन बसतात. उजाडायच्या बेताला नदीच्या अंगानं धडाड्धूम सुरू होतं, घराच्या काचा बारीक थरथरतात, आणि अर्धवट झोपेत असलो तर क्षणभर मला वाटतं, लक्ष्मीपूजन आहे आणि बत्तासे आणायचे राहिले.

काल शुक्रवारी मी दुकानात काडतुसांच्या फळीसमोर उभा होतो. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "बदकं की गूज?" साधा प्रश्न. भाजीवाली विचारते ना, पातळ रस्सा की सुकी, आणि त्याप्रमाणे बटाटा देते, तसा. पण मी खोक्यांवरच्या किमती वाचायला लागलो. कारण या प्रश्नावर आमच्या घरात दोन सख्ख्या बहिणींचे दोन नवरे कायमचे फाटलेत, आणि त्यातला एक मी आहे.

ज्यांनी काडतूस फक्त सिनेमात पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो. या बंदुकीतून एक गोळी सुटत नाही, मूठभर छर्रे सुटतात. छर्ऱ्यांना नंबर असतो आणि तो उलटा चालतो: आकडा मोठा तसा छर्रा बारीक. आकडे संपले की त्याहून जाड छर्ऱ्यांना अक्षरं लागतात, बीबी वगैरे. बारीक छर्रा घेतला तर काडतुसात पुष्कळ मावतात आणि हवेत दाट जाळं पडतं, पण एकेकाच्या अंगात जोर बेताचा. जाड घेतला तर ज्याला लागेल तो आडवा होईल, फक्त लागायला हवा. बदक लहान, ते जवळ येतं, त्याला बारीक. गूज म्हणजे ते कॅनडाचे राखाडी, लांब मानेचे, भांडखोर हंस. ते थोराड, उंचावरून जाणारे, गादीसारखी पिसं असलेले. त्यांना जाड. म्हणजे तत्त्वाचा प्रश्न एवढाच, की पुष्कळांनी मिळून थोडं थोडं मारायचं की थोड्यांनी जोरात. आमच्या सासुरवाडीत दोन्ही पद्धती चालतात.

माझा साडू मिलिंद वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात आयटीत आहे. माझी बायको सुजाता मोठी, त्याची बायको वर्षा धाकटी. मी दूध पावडरीच्या संशोधनात आहे. पावडरीचा कण किती मोठा, तो पाण्यात कसा विरघळतो, हे मोजण्यावर माझं पोट चालतं. कणाच्या आकाराबद्दल जगात कुणी मला शिकवू नये अशी माझी एक भाबडी समजूत होती. मिलिंदची समजूत अशी की जगात कशाहीबद्दल त्याला कुणी शिकवू नये. बंदुकीचा परवाना आम्ही दोघांनी एकाच वर्षी काढला, कारण एकानं काढला म्हटल्यावर दुसऱ्याला गत्यंतर नव्हतं. परवान्यासाठी बायकोचीही मुलाखत होते. "तुमचे पती चिडतात का?" असं सुजाताला विचारलं, तर ती म्हणाली, "चिडतात. पण उपयोग काही होत नाही." त्यावर लगेच परवाना मिळाला.

तो २०१४ चा हंगाम. मार्चमध्ये आप्पा, म्हणजे आमचे सासरे, पुण्याहून आले. आल्या आल्या सुजाता मला 'तू'वरून 'अहो'वर घेऊन गेली, कारण आप्पांसमोर नवऱ्याला अरेतुरे चालायचं नाही. एकदा रागाच्या भरात ती म्हणाली, "अहो, अक्कल आहे का तुम्हाला?" आणि मला पहिल्यांदा कळलं की आदरार्थी बहुवचनानं शिवी जास्त लागते.

आप्पांनी सारी नोकरी काडतुसांच्या कारखान्यात केली. छर्रे तपासायच्या खात्यात. वितळलेल्या शिशाचे छर्रे पडले की ते तिरक्या काचेवरून घरंगळत सोडायचे. जे नीट गोल असतील ते सरळ उडी मारून पलीकडच्या पेटीत जायचे. जे वाकडे, चपटे ते अलीकडेच पडायचे आणि पुन्हा भट्टीत जायचे. आप्पा माणसंही तशीच तपासायचे. आम्ही दोघं जावई अलीकडे पडलेले. भट्टीची सोय नव्हती म्हणून वाचलो.

ते आल्यावर दोनच दिवसांत त्यांना माझ्या गराजमध्ये काडतुसांची खोकी दिसली. त्यांनी एक काडतूस माझ्याकडून फोडून घेतलं, छर्रे तळहातावर ओतले, आणि फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट आणायला सांगितलं. छर्रे गणपतीच्या पोटाला मुंग्यांसारखे चिकटले.

"प्रमोदराव, हे लोखंड आहे."

"स्टील, आप्पा. इथे तळ्यावर या बंदुकीत शिसं चालत नाही. पाण्यात पडलेले छर्रे पक्षी दाणे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे ज्याला ठार मारायला जाता, त्याच्या पोटाची काळजी करता?"

"जो वाचेल त्याच्या, आप्पा."

"मग नेम धरायला शिका. कुणी वाचणार नाही." त्यांनी छर्रे एकेक करून गणपतीवरून सोडवले. "आणि हा चार नंबर आहे. बदकाला पाच. आयुष्यभर बदकाला पाचच गेला आमच्याकडून."

इथेच सगळी गोम होती. शिशाचा पाच बदकाला चांगलाच. पण स्टील शिशाहून हलकं. त्याच नंबरचा छर्रा वाटेत लवकर दमतो. म्हणून स्टील वापरताना एकदोन पायऱ्या जाड घ्यायचा. हे मी आप्पांना घनता, वेग, हवेचा अवरोध अशा क्रमानं समजावलं. ते शांतपणे तपकीर ओढत होते. माझं संपल्यावर त्यांनी शिंक दिली आणि म्हणाले, "पाच."

सुजातानं मग स्वयंपाकघरात निकाल लावायचा प्रयत्न केला. तिला नंबरांची भाषा कळेना, तेव्हा तिनं टेबलावर वाट्या मांडल्या. पाच म्हणजे बाजरी. माझा चार म्हणजे तीच बाजरी, जरा टपोरी. बीबी म्हणजे मिरे. मधल्या वाटीत ज्वारी, ती ग्रॅहमची. ग्रॅहम म्हणजे ज्याच्या शेतावरच्या तळ्यावर आम्ही जातो तो दूधवाला शेतकरी. बदक असो, गूज असो, तो जन्मभर दोन नंबर घालत आलाय. "टूज फॉर एव्हरीथिंग, मेट," एवढंच त्याचं शास्त्र. आप्पांनी डोळे मिटले आणि सुजातानं गराजमधल्या उरल्यासुरल्या काडतुसांतून काढलेले एकेका वाटीच्या तोलाचे छर्रे त्यांच्या बोटांत दिले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवून ते सांगत गेले: चार. बीबी. दोन. चार. एकदाही चुकले नाहीत. मला हेवा वाटला. मला त्याच कामाला प्रयोगशाळेत खोलीएवढं यंत्र लागतं. माणूस मात्र पाच नंबरच्या बाबतीत साफ चुकीचा होता, आणि ते त्याला सांगायची कुणाची टाप नव्हती.

डोळे मिटून सांगत होते ते काही तोरा म्हणून नाही. त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला, उजव्याला फक्त समोरचं दिसायचं. "नळीतून बघितल्यासारखं," असं तेच म्हणायचे. पुढच्या वर्षापर्यंत तेवढंही उरणार नाही, असं डॉक्टरांनी पुण्यातच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी बाजरीची वाटी पुढ्यात ओढून, आमच्याकडे न बघता ते म्हणाले, "गोळीबाराचं खातं वेगळं होतं. तिथं आम्हाला पाय टाकायची परवानगी नव्हती. माझ्या हातून किती छर्रे गेले त्याची गणती नाही. ते पुढे जाऊन काय करतात, ते मी बघितलेलं नाही. दिसतंय तोवर एकदा बघायचंय. माझ्या बारानं एक पक्षी पडलेला."

आयुष्यात या माणसानं आमच्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. अशा वेळी दोन जावयांनी एकत्र यावं, खांद्याला खांदा लावावा. आम्ही भांडायला लागलो.

मिलिंद पुढच्याच शनिवारी गाडी घेऊन आला. डोक्यापासून पायापर्यंत झाडपाल्याच्या छापाचे कपडे. दारात उभा राहिला तर कुंपण पुढे सरकल्यासारखं वाटलं. हातात बीबीची खोकी.

"आप्पा पहिल्यांदा बंदूक धरणार आणि तुम्ही त्यांना बदक मारायला लावणार?" तो मला म्हणाला. "भाऊ, गूज! केवढा मोठा पक्षी. दिसायला सोपा. एक बीबी बसला की काम तमाम. झकास! स्वीट अ‍ॅज."

"एक बसला की. पण बसणार कुठून? बीबीनं शिकार म्हणजे लग्नात अक्षतांऐवजी नारळ फेकणं. नवरानवरी सोडून सगळ्यांना धोका."

"आणि तुमच्या त्या चारनं काय होणार? फार तर बदकाला खरूज."

"निदान बदकापर्यंत पोचेल."

"हो, पोचून नमस्कार करेल."

आम्ही दोघं हसत होतो, आणि त्या हसण्यात दात फार दिसत होते. हे भांडण छर्ऱ्यांचं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. आप्पा वेलिंग्टनला चार दिवस राहून "वारा फार आहे" म्हणून आमच्याकडे परतले होते, ते मिलिंदला लागलं होतं. मला हे लागलं होतं की आमच्याकडे येऊन आप्पा दिवसभर त्याच्या घरापुढच्या लाकडी डेकचं कौतुक करायचे. ज्याच्या काडतुसानं पक्षी पडेल, तो जावई काचेच्या पलीकडे जाणार होता. दोघांनाही एकच उडी हवी होती.

ग्रॅहमच्या पॅडकमध्ये, म्हणजे गाईंच्या कुरणात, आम्ही चाचणी घेतली. जुन्या फ्रिजचं खोकं उभं केलं आणि त्यावर बदकाचं चित्र काढलं. ते मी काढल्यामुळे चहाच्या किटलीसारखं दिसत होतं. बीबीचा बार काढला तर भोकं इतकी दूर दूर, की दोन भोकांमधून किटली सहीसलामत निघून जावी. चारचा काढला तर दाट, ठिपक्यांच्या रांगोळीसारखा. मी मिलिंदकडे पाहिलं. त्यानं खोक्यामागची प्लायवूडची फळी उलटी करून दाखवली. बीबी आरपार गेले होते. माझे चार तिच्यात अडकून बसले होते, पाहुण्यांसारखे. मग खोकं जिथे होतं तिथून आणखी मागे न्यायचं की पुढे आणायचं यावर आम्ही इतके चढलो, की ग्रॅहमच्या गाई कुंपणाशी येऊन बघायला लागल्या. आप्पा मोडक्या खुर्चीत बसून होते. "खोटं शिसं, खोटं बदक," ते म्हणाले. "खरे फक्त जावई. दुर्दैव."

शेवटी सुजातानं फर्मान काढलं. आप्पांसाठी ग्रॅहमनं त्याची दुसरी बंदूक देऊ केली होती, एकावर एक दोन नळ्यांची. "एका नळीत यांचं काडतूस, एका नळीत मिलिंदचं. आणि आता कुणी माझ्या घरात छर्रा हा शब्द काढला तर त्याला जेवायला बाजरी. कच्ची." झालं, मिटलं असं वाटलं. मग मिलिंदनं विचारलं, "खालच्या नळीत कुणाचं?" कारण खालची नळी आधी उडते. त्यावर आम्ही पुढचा आठवडाभर फोनवर भांडलो. खालची मला मिळाली, कारण बंदूक माझ्या गराजमध्ये होती.

त्या पहाटेची थंडी मला अजून बोटांच्या पेरांत आठवते. तळ्याकाठी लपायला पत्र्याची आणि मानुका झुडपाच्या फांद्यांची खोपटी असते, तिला इथे मायमाय म्हणतात. आत एक फळी. फळीवर मधे आप्पा, अंगात माझं जाकीट, डोक्यावर मिलिंदची कानटोपी. आमच्या दोघांच्यातही त्यांनी अशी काटेकोर वाटणी केली होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो, नियमच आहे, परवाना नसलेल्याला एकटं सोडायचं नाही. समोर पाण्यावर प्लॅस्टिकची बदकं डोलत होती. पलीकडच्या काठावर ग्रॅहम त्याच्या मायमायमध्ये. चिखलाचा, ओल्या कुत्र्याचा आणि थर्मासातल्या आल्याच्या चहाचा वास.

उजाडलं आणि सगळ्या खोऱ्यात बार सुरू झाले. आप्पांनी मान वळवली नाही. त्यांना फक्त समोरचं आभाळाचं एक वर्तुळ दिसत होतं, आणि ते त्याच्याकडे बघत बसले.

"आप्पा, बदकं! समोर!" मी कुजबुजलो.

"थांबा आप्पा, वरून गूज येतायत," मिलिंद दुसऱ्या कानात.

"अरे, ते फार उंच आहेत!"

"तुमची फार बारीक आहेत!"

"गप्प बसा दोघं," आप्पा म्हणाले. बंदूक वर गेली. बदकांचा एक थवा पंख आवरून पाण्यावर उतरत होता, पाय पुढे काढून, विमानासारखा. धडाड्. लगेच पुन्हा धडाड्. आणि त्यातच, अगदी त्याच क्षणाला, कुठून तरी तिसरा आवाज. पण त्या पहाटे आवाजांना काय तोटा होता? थव्यातलं एक बदक हवेतच दुमडलं आणि पाण्यावर पडलं. थप्प.

"ब्यूटी!" पलीकडून ग्रॅहम ओरडला. "युअर बर्ड, मेट!"

आप्पांनी बंदूक माझ्याकडे दिली. "पडलं?" त्यांनी विचारलं. पडताना ते त्यांच्या वर्तुळाच्या बाहेर गेलं होतं.

"पडलं, आप्पा."

ग्रॅहमच्या कुत्र्यानं बदक आणून त्यांच्या गमबुटांपाशी ठेवलं. हिरवीगार मान, नर. आप्पा वाकून त्याला हात लावत राहिले, पंखाखाली, छातीवर, मानेवर. तपासत होते. आणि मी आणि मिलिंद त्यांच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघत होतो. खालच्या नळीनं, की वरच्या?

दुपारी जेवायला रस्सा होता. सुजातानं खोबरं भाजून, अख्खे मिरे घालून केला होता. वर्षाच्या हातच्या भाकरी. आमची इरा तेव्हा शाळेत होती आणि नुकतीच शाकाहारी झाली होती. ती आमच्याकडे खाटकांकडे बघावं तशी बघत वरणभात खात होती. सगळे हळूहळू चावत होते. रानबदक खाताना दाढा सांभाळाव्या लागतात, पण आम्ही दोघं त्यासाठी हळू चावत नव्हतो. आम्ही पुरावा शोधत होतो.

"सो हू अ‍ॅक्च्युअली शॉट इट?" इरानं विचारलं.

"तुझ्या आबांनी," सुजाता म्हणाली.

"नो, आय मीन, हूज बुलेट?"

टक्. मिलिंदनं जीभ फिरवून छर्रा बाहेर काढला आणि विजयी चेहऱ्यानं ताटाच्या कडेला ठेवला. तो नेमका रश्श्यातल्या एका मिऱ्याशेजारी बसला. मिऱ्याहून लहान होता. मिलिंदचा चेहरा उतरला. मी पुढे वाकलो. माझं आयुष्य या कामात गेलंय. मला तो उचलावाही लागला नाही. तो माझ्या चारहून मोठा होता. तेवढ्यात सुजाताच्या ताटात टक् झालं. तोही तेवढाच. मिरा नाही, बाजरी नाही. ज्वारी.

टूज फॉर एव्हरीथिंग, मेट.

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. इतक्या वर्षांत आमच्या दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. त्या बदकाच्या अंगात माझंही काही नव्हतं आणि त्याचंही नव्हतं. म्हणजे आप्पांचंही नव्हतं.

आप्पांचा हात भाकरीवर थांबला होता. "कुणाचा निघाला?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. लहान होता.

मी म्हणालो, "बीबी आहे. मिलिंदचा."

एकेक अक्षर दाढ उपटावी तसं निघालं. माझी अपेक्षा होती की मिलिंद टेबलावर चढून नाचेल. तो म्हणाला, "छे छे. बीबी एवढा बारीक असतो का? हा भाऊंचा चार."

"अरे, मी सांगतोय ना, तुझा आहे!"

"आणि मी सांगतोय ना, तुमचा! आधी उडाला तो तुमचाच."

"उगाच मोठेपणा नको दाखवूस."

"मोठेपणा कोण दाखवतंय? घ्या म्हटलं तर घ्या ना!"

फिजोआच्या पिशव्या लोक एकमेकांच्या फाटकावर टांगतात तसा तो विजय आम्ही एकमेकांच्या गळ्यात मारत होतो, आणि आवाज चढत चालले होते. इरानं चमचा खाली ठेवला. सुजाता एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती; आम्हाला उलट्या दिशेनं भांडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आणा इकडे," आप्पा म्हणाले.

मिलिंदचा हात हलेना. माझाही. शेवटी वर्षानं, तिला काहीच ठाऊक नव्हतं, छर्रा उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवला. आप्पांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला. डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला. एकदा, पुन्हा, उलटा. ही बोटं महिनाभरापूर्वी याच टेबलाशी एकदाही चुकली नव्हती.

आप्पांनी डोळे उघडले. "पाच," ते म्हणाले.

मिलिंदनं ताटातला मिरा बोटानं बाजूला सारला.

"पाच नंबर आहे. मी म्हटलं नव्हतं? बदकाला पाच." आणि त्यांनी आमच्या दोघांकडे, आधी माझ्याकडे आणि मग मिलिंदकडे, त्या उरलेल्या नळीतून पाहिलं. ज्या नजरेनं तिरक्या काचेवरून येणारे छर्रे बघत असतील, त्याच. "काय?"

"हो आप्पा," मिलिंद म्हणाला.

"पाचच," मी म्हणालो.

"मग जेवा. निवतंय."

छर्रा त्यांनी तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मिलिंद निघाला तेव्हा गाडीपाशी आम्ही भांडलो. "माझं नाव कशाला घेतलंत? दानधर्म करायचा होता?" तो म्हणाला. "आणि तू माझं कशाला घेतलंस?" मी म्हणालो. शत्रूनं आपल्याला हरवलं तर विसरता येतं. शत्रूनं आपल्याला जिंकवण्याचा प्रयत्न केला, हे विसरता येत नाही. तेव्हापासून आम्ही लग्नाकार्यात एकमेकांना "या" आणि "बसा" एवढंच म्हणतो. वर्षा आणि सुजाता तासन् तास फोनवर बोलतात, पलीकडून त्याच्या खाकरण्याचा आवाज आला की मी खोलीबाहेर जातो.

आप्पा जूनमध्ये परत गेले. पुढच्या मे महिन्यात त्यांना दिसत नव्हतं. पण पहिल्या शनिवारी त्यांचा फोन यायचाच. "कितीचा घातला, प्रमोदराव?" मी म्हणायचो, "पाच, आप्पा." मग ते समाधानानं शिंकायचे. सोसायटीच्या बाकावर त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली होती, असं नंतर कळलं. दोन्ही जावयांना नंबर कळत नव्हता, शेवटी माझ्या पाचनं पाडलं. तो पाच बंदुकीत आला कुठून, हे त्यांना कुणी विचारलं नसावं. विचारलं असतं तर त्यांनी तपकीर ओढली असती.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. बहिणी पुण्याहून परतल्या तेव्हा बरोबर ती डबी होती. दोघींनी ठरवलं, एक हंगाम आमच्याकडे, एक हंगाम त्यांच्याकडे. मला आणि मिलिंदला कुणी विचारलं नाही.

यंदा पाळी आमची, म्हणजे डबी मिलिंदकडून यायची होती. काल त्या दुकानात बाई पुन्हा म्हणाल्या, "बदकं की गूज?" मी चारचं खोकं उचललं, सवयीनं. आज पहाटे मी मायमायमध्ये शिरलो तेव्हा मिलिंद फळीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला होता. तो वर्षातून हा एक दिवस येतो, का येतो ते मी विचारत नाही. मांडीवर बीबीचं खोकं. मधली जागा आम्ही दोघांनीही मोकळी सोडली होती. मग त्यानं खिशातून डबी काढून त्या मोकळ्या जागेत ठेवली.

झाकण उघडलं तर तपकिरीचा वास अजून आहे. छर्रा आता गंजून खरखरीत झालाय. शिसं असतं तर गंजलं नसतं. मी तो अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला.

"किती?" मिलिंदनं पाण्याकडे बघत विचारलं.

"पाच."

त्यानं हात पुढे केला. मी दिला. त्यानंही फिरवला, डोळे मिटून, आप्पांसारखा.

"पाच," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

पलीकडच्या काठावर ग्रॅहमची बंदूक वाजली. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.